चरबी कशाची?

पुढे जे लिहिणार आहे ते माझे वैयक्तिक मत आहे, शासनाचे नव्हे. हे वाक्य या पानावर नेहमीचेच आहे. आज मात्र ते थोडे अडचणीचे झाले आहे, कारण आज ज्या वृत्तीवर टीका करावयाची आहे तिचा मी स्वतः अनेक वर्षे प्रामाणिक सेवक होतो.

१९९८ साली पूर्व भारतातील एका जुन्या केंद्रीय आस्थापनेच्या लेखातपासणीसाठी मी गेलो होतो. वय लहान, अर्थशास्त्राची पदवी ताजी, आणि सरकारी पैशातील प्रत्येक पैसा वाचविण्याचा उत्साह दांडगा. त्या आस्थापनेकडे कंपनी सरकारच्या काळापासूनची काही शस्त्रे होती. त्यांतली दोन ठासणीची रिव्हॉल्व्हरे वार्षिक क्रीडादिनी शर्यत सुटण्याचा बार काढण्यासाठी अजून वापरात होती. गोळी नसे, काळी दारू, टोपी आणि आवाज एवढेच. त्यांची निगा राखणारा मिस्त्री मुंगेरचा होता. बंदुका घडविण्याचा धंदा त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेव्हा त्याचे ज्ञान पुस्तकी नव्हते हे सांगावयास नको.

त्या वर्षीच्या पावत्यांत मला एक पावती सापडली. मधमाश्यांचे मेण आणि बकऱ्याची चरबी, स्थानिक बाजारातून, दरपत्रके न मागविता खरेदी. मी आक्षेप काढला. दरकरारावर खनिज तेलाचे वंगण उपलब्ध असताना ही महाग आणि विचित्र खरेदी कशासाठी? मिस्त्रीला बोलावले. तो म्हणाला, ‘साहेब, या हत्यारांना खनिज तेल चालत नाही. आणि चरबी मी ओळखीच्या खाटकाकडून डोळ्यांदेखत बकऱ्याचीच घेतो, कारण हत्यारे पुसणाऱ्यांत दोघे हिंदू आहेत आणि एक मुसलमान.’ मी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि आक्षेप कायम ठेवला. पुढील वर्षापासून ‘वंगण, सर्वसाधारण वापराचे’ असा तपशील लिहून किमान दराची निविदा मंजूर होऊ लागली. माझ्या गोपनीय अहवालात त्या तपासणीचा गौरवाने उल्लेख झाला.

आता थोडे त्या शस्त्राविषयी सांगितले पाहिजे, नाही तर मिस्त्री काय म्हणत होता ते कळणार नाही. काळी दारू म्हणजे साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. ती जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही. तो क्षारांच्या रूपाने उरतो. त्यातला काही धुराबरोबर जातो आणि काही घट्ट काजळी होऊन शस्त्रातच बसतो. हे क्षार हवेतील ओल शोषून घेतात. गंगेच्या खोऱ्यातल्या दमट हवेत अशी नळी रात्रभर तशीच राहिली, तर सकाळी तिच्यावर तांब दिसू लागते. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी कढत पाण्याने धुणे, पूर्ण कोरडे करणे आणि मग मेण-चरबीचा हात फिरविणे, हा क्रम चुकवून चालत नाही. पाणीच का, तर ते क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. मेण आणि चरबीच का, तर त्यांनी काजळी मऊ राहते. खनिज तेल त्या काजळीत मिसळून जळाले की डांबरासारखा चिकट थर होतो आणि सिलिंडर फिरेनासा होतो. कोल्टच्या १८५१ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो त्या दांड्यावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात. त्या वंगण साठविण्यासाठी. शस्त्र घडविणाऱ्याने वंगणाचा विचार शस्त्राबरोबरच केला होता. तो नंतर भांडारपालाने करावयाचा विषय त्याने मानला नव्हता.

वंगणाचे आणखी एक काम असे. दारू भरल्यावर सिलिंडरच्या प्रत्येक घराच्या तोंडावर मेण-चरबीचा लेप देत, म्हणजे एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरू नये. मेण-चरबी बंद झाल्यावर त्या आस्थापनेत कागदाचे बोळे वापरू लागले. २००१ च्या क्रीडादिनी एका बाराबरोबर शेजारची दोन घरेही पेटली. मिस्त्रीच्या डाव्या हाताची बोटे भाजली. त्यांतली दोन पुन्हा नीट वळली नाहीत. चौकशी झाली. ‘हाताळणीतील मानवी चूक’ असा निष्कर्ष निघाला. हे सर्व मला २००४ मध्ये, वेगळ्याच कामासाठी तेथे गेलो असताना कळले. मिस्त्री तोवर निवृत्त झाला होता. दोन्ही रिव्हॉल्व्हरे काचेच्या कपाटात होती आणि एकाचाही सिलिंडर फिरत नव्हता. चौकशीच्या कागदांत वंगण कशाचे होते, याची नोंद कोठेही नव्हती. कोणी विचारले असते तरी उत्तर देता आले नसते.

‘हे कशाचे बनले आहे?’ हा प्रश्न सरकारला विचारला जावा आणि सरकारच्या फायलीत उत्तरच नसावे, ही गोष्ट आपल्या देशात नवी नाही. तिची सर्वांत मोठी किंमत याच वस्तूपायी मोजली गेली आहे: काळ्या दारूच्या शस्त्राचे वंगण.

१८५७ ची काडतुसे म्हटले की आपल्याला शाळेतला एक परिच्छेद आठवतो. गाय, डुक्कर, अफवा, उठाव. प्रशासकीय प्रशिक्षणात तर त्याचा उपयोग ‘अफवांचे व्यवस्थापन’ या सदराखाली होताना मी ऐकला आहे. माझे म्हणणे असे की ती मुळात अफवेची कथा नाही. ती खरेदीची कथा आहे.

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक ठासणीची होती. तिच्या नळीत आटे होते. गोळी नळीत घट्ट बसावी आणि तरीही गजाने सहज उतरावी, म्हणून कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला वंगण लावलेले असे. शिपायाने दुसरे टोक दाताने फाडावयाचे, दारू नळीत ओतावयाची आणि वंगण लावलेल्या कागदासह गोळी ठासावयाची, अशी कवायत होती. वंगणाशिवाय काही बारांनंतर काजळीने नळी आवळते आणि गोळी उतरेनाशी होते. तेव्हा वंगण ही चैन नव्हती, गरज होती. प्रश्न केवळ ते कशाचे असावे एवढाच होता.

आणि हा प्रश्न वेळेवर विचारला गेला होता! १८५३ मध्ये ही काडतुसे हिंदुस्थानच्या हवेत टिकतात की नाही हे पाहण्यासाठी विलायतेहून आली, तेव्हा बंगाल लष्कराचे ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात लेखी इशारा दिला. वंगण शिपायांच्या धर्माला किंवा जातीला बाधक नाही याची खात्री असल्याशिवाय ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत, असा त्याचा आशय होता. हा इशारा मिलिटरी बोर्डाकडे गेला आणि तेथेच राहिला. सरकारपर्यंत पोहोचलाच नाही. ज्यांनी नोकरीत तीस वर्षे काढली आहेत त्यांना हे वाक्य वाचून आश्चर्य वाटणार नाही. १८५४ मध्ये फोर्ट विल्यम, कानपूर आणि रंगून येथे शिपायांच्याच पिशव्यांत ही काडतुसे ठेवून हवामानाची चाचणी झाली. कोणी तक्रार केली नाही. चाचणी ‘यशस्वी’ झाली. चाचणी कशाची घेतली? वंगण उन्हात वितळते का, याची. ते कशाचे आहे, याची नव्हे.

पुढे कलकत्त्याच्या शस्त्रागारात काडतुसे बनू लागली. जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथून लेफ्टनंट राइट यांनी शिपायांमधील अस्वस्थता कळविली. एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाणी पिण्यास लोटा मागितला, शिपायाने नकार दिला, तेव्हा लवकरच तुमची जात काडतुसानेच जाणार आहे असे खलाशी म्हणाला, ही ती प्रसिद्ध घटना. बराकपूरचे जनरल हिअर्सी यांनी शहाणपणाची सूचना केली: शिपायांना आपले वंगण बाजारातून स्वतःच घेऊ द्यावे. सरकारने जानेवारीअखेर ते मान्यही केले. मग प्रथमच कोणीतरी मूळ प्रश्न विचारला, की आजवर लावलेली चरबी कशाची होती? शस्त्रखात्याचे महानिरीक्षक कर्नल ॲबट यांचे उत्तर नोंदलेले आहे. चरबी कंत्राटदाराकडून येत होती, आणि आक्षेपार्ह चरबी तीत असू नये यासाठी काही खास खबरदारी घेतलेली दिसत नव्हती.

वाचकहो, हे उत्तर मी प्रथम वाचले तेव्हा मला घाम फुटला. ‘वंगण, सर्वसाधारण वापराचे’ हे माझेच शब्द मला आठवले.

त्या चरबीत गाईचा अंश किती, डुकराचा किती, वंगण लावलेली काडतुसे किती शिपायांच्या हाती प्रत्यक्ष पडली, यावर इतिहासकारांत वाद आहेत. फारच थोडी पडली असावीत, असेही म्हटले जाते. मला त्या वादात शिरण्याचे कारण नाही. सरकारला खोटे बोलावे लागले असते, तर ती वेगळी गोष्ट होती. येथे सरकारजवळ खरे सांगण्यासारखेच काही नव्हते. ‘ही चरबी बकऱ्याची आहे, हा पुरवठादार, ही तपासणी, हवी तर तुम्ही स्वतः पाहा’ हे वाक्य बोलता येत नव्हते, कारण कंत्राट देताना ते लिहून घेतलेले नव्हते.

त्यानंतर जे झाले ते वरातीमागून घोडे. सवलत जाहीर झाली, पण लष्कराच्या मुख्यालयातून आक्षेप आला की दुसऱ्या बंदुकांची काडतुसे शिपाई मेंढ्याच्या चरबीने आणि मेणाने माखून बराच काळ वापरीतच आहेत, आता सवलत दिली तर उलट संशय वाढेल. मग त्यातही फेरफार. तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला. बराकपूरच्या शिपायांनी चौकशीत सांगितले की नवा कागद जाळला असता चरबीसारखा चरचरतो. कागदाची तपासणी झाली, चरबी सापडली नाही. पण त्या तपासणीवर आता कोण विश्वास ठेवणार? फेब्रुवारीच्या अखेरीस बऱ्हामपूरला १९ व्या पलटणीने कागदावरूनच काडतुसे नाकारली. मार्चमध्ये दाताऐवजी बोटांनी काडतूस फाडण्याची नवी कवायत आली. २९ मार्चला बराकपुरात मंगल पांडे. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. ती काडतुसे तर जुनीच होती, नव्या वंगणाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. ९ मे रोजी त्या ८५ जणांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. वरसईचे गोडसे भटजी त्याच वर्षी चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात काडतुसांची कथा आहे, यावरून ती वार्ता वाटसरूंच्या कानांपर्यंत कशी पसरली होती याची कल्पना येते. सरकारचा खुलासा मात्र इतक्या दूरवर पोहोचला नाही.

यावर माझे विद्वान मित्र लगेच म्हणतील, उठावाला कारण काडतुसे नव्हती. १८५६ चे अवध खालसा करणे होते, त्याच वर्षीचा परदेशी चाकरीची अट घालणारा भरतीचा कायदा होता, जमीनमहसूल होता. अगदी मान्य. अर्थशास्त्राचा विद्यार्थी महसूल विसरणार नाही. पण सुकलेले गवत अनेक ठिकाणी असते. ठिणगी पडली तेव्हा ती विझविण्याचे एकमेव साधन म्हणजे सरळ उत्तर, आणि तेच भांडारात नव्हते.

दुसरे मित्र म्हणतील, शिपायांच्या सोवळ्याओवळ्यासाठी लष्कराने चरबीच्या फायली ठेवावयाच्या काय? होय, ठेवावयाच्या. अवध व बिहारमधील उच्चवर्णीय शिपाई कंपनीने स्वतः निवडून भरती केले होते आणि त्यांच्या जातीचे नियम छावणीत मान्य केले होते. ज्याच्या श्रद्धेवर फौज उभारली त्याच्या श्रद्धेची माहिती नव्हती, असे म्हणता येत नाही. खरी गोष्ट साधी आहे. निर्णय घेणाऱ्या साहेबाच्या कमरेला कोल्ट किंवा ॲडम्सचे रिव्हॉल्व्हर होते, आणि त्यालाही चरबीच लागत असे. पण त्याच्या दृष्टीने चरबी ही स्वयंपाकघरातली वस्तू होती. जी वस्तू आपल्याला खटकत नाही ती दुसऱ्याला का खटकावी, हा प्रश्न त्याला सुचलाच नाही. मला तरी १९९८ मध्ये कोठे सुचला होता?

अर्थशास्त्रात १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी एका प्रकारच्या मालाकडे लक्ष वेधले: ज्याचा दर्जा ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी तर नाहीच, वापरल्यानंतरही ओळखता येत नाही. तेथे केवळ सांगणाऱ्यावरचा विश्वास असतो. चरबी असा माल आहे. औषध असा माल आहे. शाळेतल्या मुलांच्या जेवणातले तेल असा माल आहे. अशा मालाची निविदा केवळ दरावर काढली, तर प्रामाणिक पुरवठादार पहिल्याच फेरीत बाहेर पडतो, कारण त्याचा खर्च खरा असतो. जो उरतो त्याला भेसळ करण्यासाठी फार दुष्ट असावे लागत नाही. तपशिलात जे लिहिलेले नाही ते त्याने दिले नाही, एवढेच. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी ही व्यवस्था आहे. आणि आम्ही लेखापरीक्षक मंडळी पिठाचा दर तपासतो.

नियम वाईट आहेत असे मी म्हणत नाही. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १४४ स्पष्ट सांगतो की खरेदीच्या वस्तूचे गुण आणि प्रकार गरजेनुसार स्पष्ट लिहावेत. ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी तर दराबरोबर गुणवत्तेलाही भार देऊन निवड करण्याची वाट काही अटींवर रुंद केली. तरीही फाईलवर सही करणाऱ्याचा हात किमान दराकडेच वळतो. कारण उघड आहे. महाग घेतले तर प्रश्न विचारला जातो, निकृष्ट घेतले तर विचारला जात नाही. किमान दर हाच सचोटीचा पुरावा, हे समीकरण आम्ही आमच्या पोरांना शिकविले आहे. २००१ पासून या देशात बिस्किटाच्या पुड्यावरही हिरवा ठिपका लागतो. व्यापाऱ्याने ग्राहकाला सांगितलेच पाहिजे की आत काय आहे. तोच नेम सरकार आपल्या भांडाराला लावावयास कचरते.

उत्तर देता येणे म्हणजे काय, याचे उदाहरण विलायतेतीलच आहे. २०१६ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या नव्या पाच पौंडांच्या प्लास्टिक नोटेत प्राणिज चरबीचा सूक्ष्म अंश असल्याचे उघड झाले. तेथील हिंदू, जैन, शीख आणि शाकाहारी मंडळींनी तीव्र हरकत घेतली. या पानाच्या काही वाचकांनीही तेव्हा स्वाक्षऱ्या केल्या असतील. कंत्राट करताना आपल्याला हे माहीत नव्हते, असे बँकेने सांगितले. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी तीच चूक! पण पुढचे वेगळे होते. अंश किती, कोठून, कशासाठी, हे तिने प्रसिद्ध केले, लोकांची मते मागविली आणि २०१७ मध्ये कारणे देऊन नोटा चालू ठेवल्या. निर्णय अनेकांना पटला नाही, मलाही पटला नाही. पण प्रश्नाला उत्तर होते, आणि ज्यांना उत्तर मिळाले ते भांडले तरी त्यांनी सरकारला कपटी मानले नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. जी वस्तू माणसाच्या तोंडात, अंगावर किंवा हातात जाणार आहे, तिच्या प्रत्येक खरेदी-फायलीत तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: ही कशाची बनली आहे, ती कोण हाताळणार आहे, आणि विचारल्यास कोण उत्तर देणार आहे. यास कागद लागत नाही, समिती लागत नाही. सगळ्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी करा असेही मी म्हणत नाही. हाताळणाऱ्याला विचारा. तो बहुधा सांगतो, आणि फुकट सांगतो. त्याने सांगितलेले फाईलवर लिहून ठेवा. प्रशिक्षणात ‘अफवांचे व्यवस्थापन’ शिकविण्याऐवजी कर्नल टकरांचे पत्र कोणत्या टेबलावर अडले ते शिकवा. नाही तर साप साप म्हणून भुई धोपटण्याचे काम पुढच्या पिढीलाही पुरेल.

अशी टिप्पणी मी काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयात सादर केली होती. ‘नोंद घेतली’ असा शेरा तिच्यावर पडला. असो.

मेण किती, चरबी कशाची, कोणासाठी, कोणाकडून: हे सगळे मुंगेरच्या त्या मिस्त्रीच्या पावतीवर स्वच्छ लिहिलेले होते. मी त्यावर लाल शाईने रेघ मारली.